सगळ्यात आतली वाटी

माझं काम काय, असं कोणी विचारलं तर मी "गोदामात जाते" एवढंच सांगते. पनवेलजवळ पळस्प्याच्या बाजूला गोदामं इतकी झाली आहेत की पुढे कोणी विचारत नाही. कोणाला वाटतं फ्रीज-टीव्हीचं गोदाम असेल, कोणाला वाटतं औषधांचं. मीही खुलासा करत नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा आवाज घशातच राहतो. लिहिताना तसं होत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, आपटे गावात. पुढे आईनं पुरे म्हटलं. अक्षर तेवढं चांगलं होतं, ते राहिलं.

आमच्या गोदामात लढाईतून पळालेल्या माणसांसाठी सामान भरतात. ज्यांचं घर, चूल, अंथरूण सगळं मागे राहिलं आणि जी आता कुठल्या तरी माळावर तंबूत बसली आहेत, त्यांच्यासाठी. संस्था मोठी आहे, तिची ऑफिसं देशोदेशी आहेत. आम्ही बायका कंत्राटावर. ब्लँकेटच्या गासड्या बांधायच्या, ताडपत्र्यांच्या घड्या घालायच्या, पाण्याचे डबे चेपून एकावर एक रचायचे आणि भांड्यांचे संच भरायचे. मग ते कंटेनरमध्ये चढतं, उरणच्या बंदरावर जातं आणि तिथून बोटीनं लांब जातं. कुठे जातं ते आम्हाला नावानं सांगतात, पण ती नावं तोंडात बसत नाहीत.

टीव्हीवर माणसं गाठोडी घेऊन रस्त्यानं चालताना दिसली की थोड्याच दिवसांत आमच्याकडे जादा पाळी लागते. हे मला कधी बरं वाटलेलं नाही. एकदा घरी बातम्या लागल्या होत्या. पडलेल्या इमारती, धूळ, एक म्हातारा खुर्ची डोक्यावर घेऊन चाललेला. माझी जाऊ म्हणाली, "चला, तुमचा सीझन आला." ती सहज बोलली होती. मी भाकरी थापत होते, थापतच राहिले.

इतक्या वर्षांत एक लढाई संपली म्हणून आमचं काम थांबलं, असं झालेलं नाही. एकीकडची माणसं घरी परतली असं ऐकायच्या आत दुसरीकडची निघालेली असतात. आता मी विचारायचं सोडलं आहे. गुडघे दुखतात, ते मात्र रोज विचारतात.

भांड्यांच्या संचाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातच आहे. एका घराला एक खोका. त्यात मोठं पातेलं, त्यात लहान पातेलं, त्यात ताटल्या, पेले, वाट्या, वाट्यांत चमचे. तवा, डाव आणि सुरी बाजूला. सगळं एकात एक बसवायचं. नीट बसलं नाही तर खोका फुगतो. खोके फुगले की कंटेनरमध्ये कमी मावतात, आणि जेवढे मावले नाहीत तेवढी घरं तिकडे भांड्यावाचून राहतात. आमच्या देवयानी मॅडमनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हापासून फुगलेला खोका दिसला की मला खोका दिसत नाही, बाहेर राहिलेलं घर दिसतं.

देवयानी मॅडम पुण्याच्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण त्या असल्या छावण्यांत जाऊन राहून आलेल्या आहेत. त्यांना लवकर हसू येत नाही. बोलताना अर्धं इंग्रजी येतं, मग आमच्याकडे बघून त्या तेच पुन्हा मराठीत सांगतात. कंटेनर भरायचं काम बशीरभाईंकडे. ते पनवेलचेच. फोर्कलिफ्ट चालवतात आणि खोके असे रचतात की मध्ये बोट जात नाही.

आणि ठमाबाय. मुख्य ती.

ठमाबायचं गाव विमानतळात गेलं. आता तिच्या घराच्या जागेवरून विमानं उडतात. एखादं विमान गोदामावरून गेलं की ती वर न बघता म्हणायची, "चाल्ला माज्या वटीवरशी." वटी म्हणजे ओटी, घराची. आम्ही हसायचो, ती हसायची नाही. नवीन कोणी बाई कामाला आली आणि म्हणाली, "आपण पण तसेच नाय का ठमाबाय, उठवलेले," की ती लगेच तोडायची. "आमाला उठवला तवा पाठीशी नोटीस होती. त्यांच्या पाठीशी बंदूक. नोटिशीपासना पलावा लागत नाय. बसून रडता येता."

तिची जीभ अशीच होती. आजूबाजूच्या सोसायट्यांतून लोक अधूनमधून कपडे आणून देतात. आम्ही नको म्हणतो तरी गाडीतून पिशव्या उतरवून निघून जातात. एका पिशवीत नुसते टाय निघाले होते. ठमाबायनं एक गळ्यात अडकवला आणि म्हणाली, "पलताना ह्यो पयला बांदायचा. मंग पोरा उचलायची." एकदा वरून हुकूम आला की अमुक देशात जाणाऱ्या संचांमधून सुऱ्या काढा, तिथलं सरकार छावणीत सुरी जाऊ देत नाही. खोके पट्ट्या मारून तयार होते, सगळे उघडावे लागले. ठमाबाय सुरी काढायची, बाजूला टाकायची आणि दर वेळी मॅडमना ऐकू जाईल असं म्हणायची, "मासली दातांनी साफ करा गो बायांनो." शेवटी मॅडम म्हणाल्या, "ठमाबाय, मला पटत नाही, पण सुरी असली तर आख्खा खोका अडेल. सुरी जाऊ दे, पातेलं तरी पोचू दे."  पातेलं पोचू दे, हे तिला पटलं.

संचाची शेवटची जागा ठमाबायची होती. आम्ही ओळीनं बसायचो. माझ्याकडे पेले आणि वाट्या. मी सगळ्यात आतली वाटी ठेवली की पातेलं तिच्याकडे सरकायचं. ती चमचे ठेवायची आणि झाकण लावायची. चमचे ठेवायच्या आधी तिचा हात कमरेला जायचा. कमरेला पदराच्या गाठीत तांदूळ असायचे. चिमूटभर त्या आतल्या वाटीत, मग चमचे, मग झाकण.

हे चोरून नव्हतं. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यात वावगं काही आहे असं कोणाच्या मनात आलं नाही. शेजारणीची वाटी आपण रिकामी परत करत नाही, साखर तरी घालतो. मुलीला भांडी देताना आत काही तरी घालतोच. मीच एकदा हळू आवाजात म्हटलं होतं, "ठमाबाय, रिकामं कुठे आहे, आत ताटल्या-वाट्या आहेत की."

ती म्हणाली, "भांड्यान भांडा ठेवला म्हंजी भरला काय गो सुमन? उपाशी मानसाला दुसरा उपाशी मानूस भेटला, तर पोट भरता काय? रिकामा भांडा कुनाला द्यायचा नसतो. त्यांची चूल परत पेटली पायजे."

कधी ती यायची नाही त्या दिवशी तिच्या जागी बसणारी बाई घरून तांदूळ आणायची. कोणाला सांगावं लागत नव्हतं.

झाकणाची जागा ठमाबायकडे आल्यावर अशी एक खेप गेली. ती बंदरावर कोणी उघडली नाही, सरळ गेली. दुसऱ्या खेपेच्या वेळी घाई फार होती. मॅडम रोज सांगायच्या की तिकडच्या छावणीत धान्य पोचलं आहे, पण भांडी नाहीत. लोक तेलाच्या डब्यात शिजवतात. ज्याला डबा मिळाला नाही तो शेजाऱ्याचं होईपर्यंत थांबतो, आणि भांडं उसनं मिळावं म्हणून आपल्या वाट्याचं थोडं धान्य काढून देतो. पोरं रडून झोपतात तेव्हा त्यांची पाळी येते. हे ऐकल्यावर आमच्या ओळीतले हात भराभर चालायला लागले. जेवायच्या सुट्टीतही बायका डबा पटकन आटपून परत बसायच्या. कंटेनर भरला, सील लागलं, बशीरभाईंनी दारावर थाप मारली, गाडी उरणकडे गेली.

बंदरावर तपासणीला मधलेच काही खोके उघडतात. त्या दिवशी अधिकाऱ्यानं पातेलं उघडलं, चमचे काढले, वाटी उचलली आणि वाटीतून दाणे त्याच्या हातावर पडले. दुसरा खोका, तिसरा, सगळीकडे तेच. कागदावर लिहिलं होतं, स्टीलची भांडी. धान्याचं नाव नव्हतं. आणि ज्या देशात माल जायचा तिथे बाहेरचा दाणा न सांगता जाऊ देत नाहीत. दाण्यातून कीड जाते म्हणे, तिकडची शेती बसते. बंदरानं कंटेनर चढवायला नकार दिला.

कंटेनर परत आमच्या दारात आला. मॅडम हातात एक छोटी प्लास्टिकची पुडी घेऊन आल्या. आम्ही सगळ्या उभ्या राहिलो.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर बरं झालं असतं.

ठमाबायनं पुढे होऊन पुडी हातात घेतली, उजेडाकडे धरली. "तांदूल," ती म्हणाली. "रेशनचा हाय. घरचा आता कुठशी आनू?"

"वाटीत कोणी टाकला?"

"मी."

"का?"

मग ठमाबायनं मला सांगितलं होतं तेच त्यांना सांगितलं. रिकामा भांडा कुनाला द्यायचा नसतो. मॅडम ऐकत राहिल्या.  तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्या दाराशी जाऊन बोलल्या. इंग्रजीत बोलत होत्या, तरी कोणाबद्दल चाललंय ते मला कळलं. परत आल्यावर त्यांनी ठमाबायकडे बघायचं टाळलं. म्हणाल्या, "सगळे खोके उघडायचे आहेत. प्रत्येक वाटी पुसायची. बोटीची वेळ होईपर्यंत झालं तर याच बोटीनं जाईल."

बशीरभाई हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाले, "वरून ऑर्डर आहे. जिनं टाकला तिला उद्यापासून बोलवायचं नाही."

कंत्राटावरच्या बाईला काढायला कागद लागत नाही. "उद्या येऊ नका" पुरतं. ठमाबायच्या घरी तिच्याच येण्यावर चाललं होतं. गावाच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटचे पैसे मुलाला आले तसे गेले, गाडी घेऊन झाली, गाडी विकून झाली. हे सगळ्यांना माहीत होतं. ती मात्र काही माहीत नसल्यासारखी खोक्याची पट्टी कापायला बसली.

आम्ही खोके उघडले. ज्या हातांनी बसवलं त्याच हातांनी उपसणं, हे काम फार वाईट. भरताना हात पुढे जातो, उपसताना प्रत्येक भांडं म्हणतं, कशाला काढतेस. तांदूळ फक्त वाटीत राहिलेला नव्हता. हलल्यामुळे तो पेल्यांच्या तळाशी, ताटल्यांच्या कडांत, सुरीच्या मुठीखाली जाऊन बसला होता. ओल्या फडक्यानं पुसलं तर दाणा चिकटायचा, कोरड्यानं पुसलं तर उडून शेजारच्या खोक्यात पडायचा. जमीन झाडली तर दाणे खोक्यांखाली पळायचे.

बशीरभाई मोकळे खोके ओढत येताना ठमाबायला म्हणाले, "खाला, बोट तुमच्या खिरीनं अडवली. साखर तरी टाकायची होती, मुंग्यांनी साफ केलं असतं."

"पुडच्या टायमाला तुलाच टाकते वाटीन," ठमाबाय म्हणाली. बायका हसल्या. त्या दिवसातलं तेवढंच हसणं.

काम झालं. बोट मिळाली नाही. आमचं पुसणं वेळेत झालं होतं, पण पुन्हा तपासून शिक्का मिळेपर्यंत बंदराचं गेट त्या बोटीसाठी बंद झालं. माल पुढच्या बोटीनं जाणार. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा त्या पायरीवर बसल्या होत्या, कामगार बसतात तशा. "पुढची बोट," त्या म्हणाल्या. तिकडे त्या दिवसांत किती पोरं पाळीची वाट बघत झोपली, हे कळायला मार्ग नाही. आमच्या कामाचं पुढचं टोक दिसत नाही. दिसलं नाही म्हणून ते नसतं असंही नाही.

दुसऱ्या दिवशी ठमाबाय नेहमीसारखी आली. मॅडमनी तिला येऊ नका म्हटलं नव्हतं. त्यांनी तिला समोर बसवलं. मी जवळच होते, फडकी गोळा करत.

"तुमच्याशी एक बोलायचंय," मॅडम म्हणाल्या. "आधीची खेप पोचली. तिथल्या आमच्या माणसानं कळवलंय. काही बायकांनी भांडी घेतली नाहीत."

"का?"

"आत धान्य निघालं. त्या म्हणाल्या, ही कोणाची तरी वापरलेली, उष्टी भांडी आहेत. आम्ही इतकं गमावलं म्हणून आम्हाला कोणाचं उष्टं देता काय. एक म्हातारी होती, ती तर भांड्याला हात लावेना. तिला वाटलं कोणी तरी काही केलंय त्यावर. सगळ्या भांड्यांत सारखेच दाणे कसे, म्हणून."

मला वाटलं ठमाबाय आता काही तरी तिखट बोलेल. ती नुसती पदराची गाठ चाचपत बसली. गाठ रिकामी होती, तरी चाचपत होती. मग म्हणाली, "खरा हाय."

"काय खरं?"

"माज्या दारान कोन वलकीपालकीचा नसलेला आला, भांडा देला नि आतमदी तांदूल निंगला, तर मी काय म्हनेन? करनी हाय म्हनेन. भांडा वड्याच्या पान्यान फेकीन." ती थांबली. "देनारा कोन ता म्हाईत असला, तरच ता शकुन. नायतर करनीच. ह्या मना सुचलाच नाय गो बाय."

मॅडमना ती पहिल्यांदाच बाय म्हणाली होती.

मॅडम म्हणाल्या, "मलाही आधी सुचलं नसतं. मी तुमच्या जागी असते तर साखर टाकली असती." मग त्या खाली बघून म्हणाल्या, "तुम्हाला काढायला सांगितलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही. काय सांगू त्यांना?"

"सांग, ती भांड्यांवर नाय आता," ठमाबाय म्हणाली. "मना ब्लँकेटीवर घाल. रिकामा भांडा माज्या हातान बंद व्हयाचा नाय. मी किती बी ठरवला तरी हात कमरेला जायाचा. ब्लँकेट रिकामी नसते. ब्लँकेट म्हंजी ब्लँकेट."

मॅडमनी वर तसंच कळवलं, की ती बाई आता भांड्यांवर नाही. वरच्यांना तेवढं पुरलं. ठमाबाय गासड्यांवर गेली आणि तिची झाकणाची जागा मला मिळाली. मॅडमनी मला एक पाटी लिहायला सांगितली, माझं अक्षर चांगलं म्हणून. "झाकण लावण्याआधी सगळ्यात आतली वाटी तपासावी. ती पूर्ण रिकामी असावी." मी ठळक लिहिलं आणि भिंतीवर लावलं. ती पाटी मी रोज बघते. माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे म्हणून माझं म्हणणं आहे असं वाटतं, आणि ते माझं म्हणणं नाही.

तपासायची रीत अशी. नुसतं बघून चालत नाही, स्टीलच्या चकाकीत दाणा दिसत नाही. बोट आत घालून गोल फिरवायचं. बोटाला काही लागलं नाही की चमचे ठेवायचे, झाकण लावायचं, खोका सरकवायचा. दिवसभर तेच. संध्याकाळी बोटाचं टोक गुळगुळीत झालेलं असतं, मोबाइल ते बोट ओळखत नाही.

मोठी खेप गेली की ठमाबाय जाताना दाराशी थांबते.

"रिकामीच गेली?"

"हो."

"दाना नाय ना कुठं?"

"नाही."

"बरा," ती म्हणते, आणि चपला घालते. ते बरं झालं म्हणून म्हणते की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. त्यानंतर एकही कंटेनर परत आलेला नाही. भांडी पोचतात. बायका घेतात असं मॅडम सांगतात. चुली पेटत असतील. ह्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, असं मी मला सांगते.

काल शेजारच्या वहिनींची वाटी परत करायची होती. त्यांनी परवा सुकटीचं कालवण दिलं होतं. मी कामावरून दमून आले होते. वाटी धुतली, पुसली, आत बोट घालून गोल फिरवून बघितलं आणि त्यांच्या दारात नेऊन दिली. वहिनींनी वाटी घेतली, म्हणाल्या, "बसा ना." मी म्हटलं, "नको, स्वयंपाक व्हायचाय." वळताना बघितलं तर त्या वाटीत बघत उभ्या होत्या.

घरी येऊन साखरेचा डबा समोर दिसला तेव्हा कळलं, मी त्यांना रिकामी वाटी दिली.